बेनचं चिठ्ठ्यांचं नाटक

बेनच्या टेबलावर कागद ठेवून निघून जाण्याची हिंमत आमच्या ऑफिसात फक्त नवा माणूस करी, आणि तोही एकदाच. बेन तो कागद उचलत, चष्मा कपाळावर चढवत आणि ठेवणाऱ्याला शोधत थेट त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहत. "हा मी कधी वाचावा असं तुझ्या मनात होतं?" त्या विचारत. आवाज चढलेला नसे, पण उत्तरही सुचत नसे. कारण कागद ठेवताना आपण तसला काही विचारच केलेला नसतो. आपल्या हातून सुटला, एवढंच समाधान असतं. मग कागद परत देत त्या म्हणत, "दिला म्हणजे पोचला नाही, भाई. आणि पोचला म्हणजे कळला नाही. आता तोंडाने सांग ने."

नाव सुलभा रणदिवे. आजोबा बडोदे संस्थानच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. घर बडोद्यातच पाणीगेटला, घरातलं मराठी अगदी स्वच्छ. पण ऑफिसच्या जिन्याची पहिली पायरी चढली की त्यात 'ने', 'भाई' आणि 'निरांते', म्हणजे सावकाश, यांची फोडणी पडत असे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना आधी 'मॅडम' म्हणालो, त्यांचा चेहरा बघून घाईने 'काकू' म्हणालो. "काकू घरी," त्या म्हणाल्या, "इथे बेन." माझे वडील रेल्वेत, आम्ही घरी वडीलधाऱ्यांशी जपून बोलणारी माणसं, एका मराठी बाईला बेन, म्हणजे गुजरातीत ताई, म्हणताना आठवडाभर जीभ अडखळली. नंतर मात्र त्यांना दुसरं काही म्हणता येईल असं कधी वाटलंच नाही.

आमचं ऑफिस छाणीला, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ सुरू झालं की वर टेबलावरच्या पेन्सिली हळूहळू चालायला लागत. कोयलीच्या बाजूला जी लहानमोठी रसायनांची कारखानदारी उभी राहिली होती, तिच्यासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. कारखान्यातल्या मीटरांचे आकडे संगणकात घ्यायचे, पडद्यावर दाखवायचे, आणि काही बिनसलं तर भोंगा वाजवायचा. ऐकायला सोपं आहे. पण एकाच संगणकात दोन-तीन प्रोग्रॅम एकाच वेळी चालायचे, एक मीटर वाचणारा, एक पडदा रंगवणारा, आणि हे प्रोग्रॅम म्हणजे एका छपराखाली राहून अबोला धरलेले भाऊबंद. एकाला कळलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. मधे काहीतरी सोय करून द्यावी लागते.

ही सोय कोणती करायची, हे ठरवण्याची बेनची पद्धत मला पहिल्यांदा पोरकट वाटली होती. त्या प्रोग्रॅम लिहू देण्याआधी त्याचं नाटक बसवत. खुर्च्या बाजूला सारायच्या. एकाने मीटर वाचणारा प्रोग्रॅम व्हायचं, दुसऱ्याने पडद्याचा. मीटरवाल्याने चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि पडदेवाल्याकडे कसा पोचवायचा ते करून दाखवायचं. कपाटात ठेवायचा, म्हणजे फायलीतून. हातात द्यायचा, म्हणजे नळीतून. एका टोकाने चिठ्ठ्या टाकायच्या, दुसऱ्या टोकाने त्याच क्रमाने काढायच्या. नाहीतर भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा, म्हणजे दोघांना दिसेल अशा सामाईक जागेत. मी नुकताच इंजिनीयर झालेलो, सुवर्णपदक दोन गुणांनी हुकलेलं, आणि मला चिठ्ठी हातात घेऊन खोलीभर धावायला लागत होतं. घरी आईला मी हे सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं. काम माझ्याकडे दिलं गेलं, आणि बेन मला घेऊन आधी तो कारखाना बघायला गेल्या. एक मोठी बंद टाकी, आत रसायन शिजायचं. शिजताना ते स्वतःच तापतं. तापमान एका रेषेच्या वर गेलं की थंड पाण्याची झडप हाताने उघडायची. ती उघडायला उशीर झाला तर टाकी फुटू शकते, एवढा हिशेब साधा. झडपेवर सोळंकीभाई होते. पंचावन्नच्या आसपासचे, अंगात धुवून विटलेला खाकी सदरा. वीस वर्षं ते दर काही मिनिटांनी उठून टाकीवरचा काटा बघून येत. आम्ही केबिनमध्ये पडदा बसवणार, असं कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "एटले हवे मारे काटो जोवा ऊभा नहीं थवानुं ने?" त्यांनी विचारलं. म्हणजे आता मला काटा बघायला उठायला नको ना? मी उत्साहाने म्हटलं, अजिबात नको. परतताना बसमध्ये बेन म्हणाल्या, "हा माणूस उठायचा थांबणार आहे, अविनाश. तुझ्या शब्दावर."

मी ते ऐकलं आणि, खरं सांगायचं तर, विसरलो. माझं सगळं डोकं वेगात गुंतलं होतं. फायलीतून आकडा पाठवायला किती वेळ लागतो, नळीतून किती, सामाईक जागेतून किती, हे मी मोजलं. सामाईक जागा सर्वांत वेगवान निघाली, पण तिची मला धास्ती वाटली. एक लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं तर? अर्धं जुनं, अर्धं नवं हाती लागायचं. नळी तिच्या खालोखाल होती आणि सरळमार्गी होती. शिवाय एकही आकडा हरवू नये म्हणून मी नळीच्या तोंडाशी एक प्रतीक्षालय बांधलं. पडद्याला वेळ नसेल तर आकडे तिथे रांगेत बसतील. माझ्या मते याहून सभ्य व्यवस्था जगात नव्हती.

गुरुवारी दुपारी नाटक झालं. मीटर मी, पडदा जिग्नेशभाई. जिग्नेशभाई पडद्याची चित्रं काढण्यात एक्का, पण लिहिण्यात सावकाश. त्यांची अक्षरं दागिन्यांसारखी. मी चिठ्ठी देई, ते वहीत आकडा उतरवत, मान वर करत, की मी पुढची देई. मधे एकदा त्यांचं पेन अडलं. मी हातातली चिठ्ठी धरून उभा राहिलो. "निरांते, जिग्नेशभाई," मी म्हणालो. "थँक यू, भाई," ते म्हणाले. एकही चिठ्ठी हरवली नाही, एकही मागेपुढे झाली नाही. बेननी शेवटी टाळी वाजवली. "बस. फर्स्ट क्लास." आणि त्यांनी सगळ्यांसाठी बडोद्याचा तो ओलसर लीला चिवडा मागवला. बेननी कुणासाठी चिवडा मागवणं म्हणजे पदकच. सोमवारी कारखान्यात यंत्रणा सुरू करून द्यायची, असं त्याच वेळी ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी, केवळ स्वतःच्या कामाचं कौतुक पुन्हा बघावं म्हणून, सगळे मीटर एकदम चालू केल्यासारखं करून प्रोग्रॅम चालवला. एका मीटरचं तापमान मीच हाताने वाढवलं आणि पडद्याकडे बघत बसलो. पडदा म्हणाला, सगळं ठीक. मी घड्याळ बघितलं. पडदा अजूनही ठीकच म्हणत होता. शेवटी भोंगा वाजला तेव्हा सहा मिनिटं गेली होती. चित्रं रंगवण्यात पडदा दमत होता, आकडे येतच होते, आणि माझ्या त्या सभ्य प्रतीक्षालयात ते निमूटपणे रांगेत बसत होते. रांग वाढत होती. नळी वेगवान होती यात वाद नव्हता. ती सहा मिनिटांपूर्वीची बातमी विजेच्या वेगाने पोचवत होती. आणि नाटकात हे दिसलं कसं नाही, हेही मला त्याच क्षणी कळलं. मी थांबलो होतो. जिग्नेशभाईंचं पेन अडलं तेव्हा मी शहाण्या मुलासारखा थांबलो होतो. समोरच्याला घाई करायची नाही हे आम्हा बडोदेकरांच्या हाडात इतकं मुरलेलं, की मीटरचं सोंग घेतलेल्या माणसानेही पडद्याला 'निरांते' म्हटलं. खोलीतल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. बेननासुद्धा नाही.

मी ताबडतोब सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. शुक्रवारी नाही, शनिवारी सकाळीही नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो: चिवडा उरला होता आणि जिग्नेशभाई येता-जाता मला मूठभर देत होते. ज्या पदकाची मला आयुष्यभर हुरहूर होती, ते गळ्यात पडून एक दिवस झाला होता. मी मनाशी म्हणत होतो, प्रत्यक्षात एवढे आकडे एकदम येणार नाहीत. पडदा जरा हलका केला की भागेल. पण डोळे मिटले की सोळंकीभाई दिसत. खुर्चीत मागे टेकून बसलेले.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. बेन डोक्याला ओढणी गुंडाळून मोपेडची किल्ली शोधत जिना उतरत होत्या. मी मागून धावत गेलो आणि मधल्या पायरीवर त्यांना सगळं सांगितलं. भोंगा, सहा मिनिटं, नाटकात मी थांबलो ते. खाली लेथ चालू होतं, त्यामुळे मला माझा कबुलीजबाब जवळजवळ ओरडून द्यावा लागला.

"कळलं कधी?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी."

"काल सकाळी," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मग कालपासून आत्तापर्यंत ही बातमी कुठे बसली होती?"

त्यांनी ओढणी सोडली आणि पुन्हा वर चढायला लागल्या. वर जाऊन त्यांनी कारखान्याला फोन केला आणि सोमवार रद्द केला. मग आमच्या ऑफिसच्या मालकांना, शेठना, फोन केला. शेठचा पारा टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता. बेन दोन वेळा एवढंच म्हणाल्या, "माझ्या तपासणीत राहिलं, शेठ. नाटक मी बसवलं होतं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि रिसीव्हर ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जिग्नेशभाईंना थांबव. खुर्च्या सरकव. मीटर आता मी होणार."

त्या दुपारचं नाटक मी विसरणार नाही. बेन मीटर झाल्या आणि कोणासाठीही थांबल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या चिठ्ठी टाकत गेल्या, टाकत गेल्या. जिग्नेशभाई दोन मिनिटांत घामाघूम झाले. "बेन, एक मिनिट!" "मीटरला ऐकू येत नाही, भाई," बेन म्हणाल्या आणि आणखी एक चिठ्ठी टाकली. टेबलावर ढीग झाला, काही चिठ्ठ्या खाली पडल्या. बेननी तारस्वरात विचारलं, "टाकीचं तापमान किती?" जिग्नेशभाईंनी हातात होती ती, कधीची जुनी चिठ्ठी वाचली. "साठ!" "माझ्याकडे नव्वद आहे," बेन म्हणाल्या. "सोळंकीभाई मेले."

कोणी हसलं नाही. बेनही टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. मग फळ्याकडे गेल्या. "मी काय विचारलं पाहिजे होतं, आणि काय विचारत बसले," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "वेगवान कोणतं, हे नंतर. आधी, हे पोचवायचं कशाला? जे एकूण एक पोचायला हवं, त्याला रांग. जे आत्ताचं हवं, त्याला फळा. महिन्याची नोंद ठेवणाऱ्याला सगळ्या चिठ्ठ्या दे, रांगेत, निरांते. पण भोंग्याला मागच्या चिठ्ठ्यांशी काय घेणंदेणं?" त्यांनी खडू उचलला, फळ्यावर तापमान लिहिलं, पुसलं, नवं लिहिलं. पडदेवाल्याने हवं तेव्हा मान वर करायची, दिसेल ते घ्यायचं. त्याला उशीर झाला तरी बातमी शिळी होत नाही. जुनी पुसलेलीच असते.

मला जिची धास्ती होती तीच गोष्ट आता समोर आली. बेन पुसत असताना जिग्नेशभाईंनी नेमकं वाचलं: तापमान नवं, त्याखालचा दाब जुना. "आ तो खिचडी थई गई," ते म्हणाले. लिहिणाऱ्याला थांबवायचं? ते तर होणार नव्हतं. मी उठून म्हणालो, "बेन, वर एक क्रमांक लिहा. मग मजकूर. मग तोच क्रमांक खाली. तुम्ही वरून खाली लिहा, जिग्नेशभाई खालून वर वाचतील. दोन्ही क्रमांक जुळले तर खरं. नाही जुळले तर पुन्हा बघायचं. तुम्हाला थांबायला नको." बेननी तसं लिहिलं. जिग्नेशभाईंनी वाचलं. मग बेन मुद्दाम मधेच पुसायला लागल्या, घाई करायला लागल्या, त्यांना फसवायला बघू लागल्या. जिग्नेशभाई दर वेळी "नाही जुळत" म्हणत आणि पुन्हा बघत. एकदाही फसले नाहीत. शेवटी बेनच्या हातातला खडू मोडला. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा बसल्या. मला इतकं हलकं वाटत होतं, की मी उगाचच खिडकी उघडून आलो.

पुढच्या आठवडाभरात मी सगळं नव्याने लिहिलं. भोंग्याचा प्रोग्रॅम पडद्यापासून वेगळा केला, त्याला फक्त फळा बघण्याचं काम दिलं. आठवड्याने कारखान्यात गेलो. बेननी सोळंकीभाईंना टाकीच्या मीटरवर गरम पाण्याने भिजवलेलं फडकं धरायला सांगितलं. त्यांनी ते धरलं आणि मागे वळेपर्यंत भोंगा वाजला. "आ तो तरत बोले छे!" ते म्हणाले, हा तर लगेच बोलतो. मी केबिनच्या दाराला टेकलो. बेननी मात्र सोळंकीभाईंना तिथेच बजावलं, की पहिले सहा महिने काटा बघायला तरी उठायचंच.

बेन निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मुलीकडे नाशिकला असतात. त्या शनिवारबद्दल मला एका शब्दाने त्यांनी पुन्हा कधी ऐकवलं नाही. पण दर बेसतं वरसला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, त्यांचा फोन येतो. "साल मुबारक, अविनाश," आणि श्वासही न घेता, "काही सांगायचं राहिलंय?" आणि गंमत अशी, की दर वर्षी काहीतरी राहिलेलं असतंच. एकदा डॉक्टरांचा रिपोर्ट होता, जो मी बायकोपासून आठ दिवस लपवला होता. एकदा धाकट्या भावाशी धरलेला अबोला. बेन ऐकून घेतात, सल्ला देत नाहीत. "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचंय त्याला आत्ता फोन कर," म्हणतात, आणि ठेवून देतात. मी तो फोन करतो. आजवर एकदाही पस्तावलो नाही.

पण बेन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या कारखान्यातून फोन आला ती दुपार. यंत्रणा बसवून चारेक महिने झाले होते. मी बेनच्या टेबलापाशी कसलीतरी दुरुस्ती समजावत उभा होतो. फोन सोळंकीभाईंचा. कारखान्यातली माणसं फोनवरही ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्यांची तक्रार होती, भोंगा फार जोरात वाजतो, जरा हळू करून द्या. "बेन, पेलो भूंगो बहु जोरथी वागे छे. जरा धीमो करी आपो ने. काले बपोरे वाग्यो ने मारी चा ढोळाई गई, आखा शर्ट पर."

बेनचा हात थांबला. "काले वाग्यो?" त्यांनी विचारलं. "पछी तमे शुं कर्युं?"

"शुं करवानुं? पाणीनो वाल्व खोल्यो. पांच मिनिटमां टाकी ठंडी. पछी बीजी चा मंगावी."

"भूंगो धीमो नहीं थाय, सोळंकीभाई," बेन म्हणाल्या. "चा दूर राखजो." आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला. हात तसाच त्यावर राहिला. त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हत्या. माझी गत त्याहून वेगळी नव्हती. पलीकडून जिग्नेशभाई घाबरून उठून आले. काय झालं, काय झालं, विचारायला लागले.

"काही नाही झालं, भाई," बेन म्हणाल्या. "चहा सांडला. फक्त चहा सांडला."